आरोळी कोणाची?

आमच्या दादरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो. महाविद्यालयात शिकतो, आईवडिलांचा एकुलता एक, वागायला सालस. त्याच्या एका सवयीपायी मात्र घरात नित्य कुरबुर चाललेली असते. इंग्लंडमधील लिव्हरपूल या क्लबाचा सामना ज्या रात्री असेल त्या रात्री तो झोपत नाही, आणि सामना गमावला की दुसऱ्या दिवशी धड जेवत नाही. लिव्हरपूल त्याने नकाशावर पाहिले आहे. त्या शहराशी त्याचा संबंध एवढाच. त्याच्या वडिलांनी एकदा वैतागून मला मध्यस्थ केले. "तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "ह्याचं तिथं कोण आहे? उद्या तो क्लब कोणी विकला, बंद केला, तर ह्याला कोणी विचारायला येणार आहे का?" मुलगा माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, "अंकल, तुम्हीसुद्धा जात होता ना कूपरेजला? तुमचं तिथं कोण होतं?"

वडिलांच्या प्रश्नाला काहीबाही उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. मुलाच्या प्रश्नाने मात्र माझी पाठ सोडली नाही. कूपरेजला माझे कोणीतरी होते, आणि त्याच्याशी मी जसा वागलो ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. फुटबॉलच्या प्रेक्षकाची निष्ठा हा विषय वरवर पाहता थिल्लर वाटेल. वाङ्मयाला वाहिलेल्या पृष्ठांवर त्याला जागा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु ज्या गोष्टीपासून आपल्याला दमडीचा लाभ नाही तिच्यावर माणूस जीव लावतो, तेव्हा तो कसा वागतो हे पाहण्यासाठी याहून स्वच्छ काच मला तरी ठाऊक नाही.

कूपरेज हे नाव तेथे एके काळी पिंपे बनवणारे कारागीर होते त्यावरून पडले, असे सांगतात. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा पुढे या मैदानाशी इतकी एकरूप झाली की आमच्या लहानपणी 'रोव्हर्स' आणि 'कूपरेज' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जात. सुरुवातीची कित्येक वर्षे ती गोऱ्या पलटणींची मिरास होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली, तेव्हा चषकावर प्रथमच एका भारतीय संघाचे नाव कोरले गेले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो चषक दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मोहन बागानने तो चौदा वेळा नेला. २०००-०१ च्या मोसमानंतर ती परंपरा खंडित झाली, आणि तिच्यासाठी कोणी छाती बडवून घेतल्याचे मला आठवत नाही.

आम्ही तेव्हा गिरगावात राहत होतो. रोव्हर्सच्या दिवसांत दुपार कलली की धोबीतलावावरून क्रॉस मैदान, तेथून ओव्हल मैदान आणि मग कूपरेज, अशी माणसांची एक धार पायी वाहू लागे. त्या धारेत कोण कोणाच्या बाजूचा हे चेहऱ्यावरून ओळखता येई. धोबीतलावच्या कुडांतून बोटीची वाट पाहत बसलेले गोव्याचे खलाशी बाहेर पडत ते साळगावकर नाहीतर धेंपो यांच्यासाठी. शिवाजी पार्ककडचे बंगाली बाबू मोहन बागान आणि ईस्ट बंगाल अशा दोन तटांत विभागून येत आणि वाटेतच भांडू लागत. नागपाडा-मदनपुऱ्याची मंडळी मोहमेडन स्पोर्टिंगची. मुंबईत आलेला माणूस ट्रंकेत कपड्यांबरोबर आपले गावही घालून आणतो, आणि वर्षाकाठी काही दिवस ते गाव कूपरेजवर वाळत घालतो, असे माझे वडील म्हणत.

पण मुंबईकराने स्वतः कोणासाठी ओरडावे? येथल्या संघांना गाव नव्हते, कंपनी होती. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, महिंद्र, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे. खेळाडूला नोकरी मिळे आणि कंपनीला नाव. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल करून भारताला ४-२ असा विजय मिळवून देणारे नेव्हिल डिसोझा मुंबईचेच. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. आमच्या समाजातल्या घरांत त्यांचे नाव किती अभिमानाने घेतले जाई हे जुन्या वाचकांना सांगायला नको. परंतु त्यांच्यावरचे प्रेम हे एका माणसावरचे प्रेम होते. त्या प्रेमाला बांधून ठेवील असा या शहराचा म्हणून क्लब तेव्हा नव्हता.

माझे वडील परळच्या एका गिरणीत फिटर होते. त्यांचा जीव एका कंपनीच्या संघावर. त्या कंपनीशी आमचा काडीचा संबंध नव्हता. कारण विचाराल तर इतकेच की त्या संघाचा डावा बॅक परळच्या चाळीत वाढलेला होता आणि गिरणीच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर चिंध्यांचा चेंडू खेळताना वडिलांनी त्याला लहानपणी पाहिले होते. "आपला पोरगा आहे," ते म्हणत. त्या पोराला वडिलांचे नावही ठाऊक नव्हते. तरी ते त्याच्यासाठी पाळी बदलून घेत, आणि मला बोटाला धरून, पुढे खांद्याला खांदा लावून, कूपरेजला नेत. मलाही तो आपलाच वाटू लागला.

मी सतरा वर्षांचा असताना, सत्तरीच्या दशकात, तो प्रसंग घडला. एका महत्त्वाच्या सामन्यात, शेवटची काही मिनिटे उरली असताना, या डाव्या बॅकने गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू ओल्या गवतावर घसरून सरळ आपल्याच जाळ्यात गेला. आम्ही हरलो. पुढचा सामना चार दिवसांनी होता. वडिलांना रात्रपाळीमुळे येता आले नाही. मी मित्रांबरोबर गेलो. तो मैदानात उतरला तेव्हा आमच्या बाजूच्या गॅलरीतून त्याच्या आडनावाशी यमक जुळणारा एक ओंगळ शब्द उठला. एकाने म्हटला, दहांनी उचलला, मग शंभरांनी टाळ्यांचा ठेका धरला. चेंडू त्याच्याकडे गेला की तो शब्द. संपूर्ण सामनाभर. पहिला कोण ओरडला हे मला पक्के ठाऊक आहे, कारण तो मी होतो.

त्या वेळी मला काय वाटले हे प्रामाणिकपणे सांगायचे तर, फार छान वाटले. माझ्या तोंडून निघालेली गोष्ट शंभर तोंडांनी परत येत होती. गिरगाव, लालबाग, परळ या भागांत वाढलेल्या माणसाला सामुदायिक स्वराची चव बालपणीच लागलेली असते. विसर्जनाची मिरवणूक, दहीहंडीचा गलका, गिरणीच्या फाटकावरची सभा, चर्चमध्ये एकाने पुढे म्हणायचे आणि सर्वांनी उत्तर द्यायचे अशी लदिन. प्रसंग वेगळे, परंतु एकट्याचा आवाज सर्वांच्या आवाजात बुडवून टाकण्याचे सुख एकच. त्या सुखात वाईट काही नाही. उलट ज्याला ते कधी लाभले नाही त्याची मला कीव येते. मैदानावरची आरोळी ही त्याच सुखाची बहीण आहे. थकलेल्या संघाला गॅलरीने उचलून धरल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अकरा माणसांचे पाय हजारांच्या गळ्यातून निघालेल्या आवाजावर धावताना पाहिले आहेत.

अडचण अशी की आवाज बुडतो तशी जबाबदारीही बुडाली, असे आपण धरून चालतो. हजार माणसे ओरडली, म्हणजे माझ्या वाट्याला दोषाचा हजारावा भाग! हा हिशेब खोटा आहे. रक्कम हजारांत वाटली तर प्रत्येकाला थोडी येते, हे खरे. परंतु समूहात ओरडणाऱ्याचा आवाज समूहामुळे लहान होत नाही, मोठा होतो. म्हणूनच तर तो समूहात ओरडतो. एकट्याने तो शब्द उच्चारण्याची माझी छाती नव्हती. शंभर जणांनी माझा अपराध वाटून घेतला नाही, त्यांनी त्याला बळ पुरवले.

स्पेनमधील एक प्रकरण या संदर्भात विचार करण्यासारखे आहे. २१ मे २०२३ रोजी व्हॅलेन्सिया येथील मैदानावर रेआल माद्रिदचा ब्राझिलियन खेळाडू व्हिनिसियस ज्युनियर याला त्याच्या काळ्या कातडीवरून डिवचण्यात आले. पुढच्या वर्षी जूनमध्ये तेथील न्यायालयाने तीन प्रेक्षकांना प्रत्येकी आठ महिन्यांची कारावासाची शिक्षा ठोठावली. मैदानात माणसे हजारो, शिक्षा तिघांना. हा अन्याय नव्हे का, असे कोणी म्हणेल. मला तो न्याय वाटतो. गर्दीला तोंड नसते, तोंडे असतात, आणि प्रत्येक तोंडाला एक नाव असते, एवढेच त्या निकालाने सांगितले.

तथापि ती वंशद्वेषाची गोष्ट झाली, आणि तीही प्रतिस्पर्ध्याविषयीची. तिचा निषेध करणे सोपे आहे. माझा प्रश्न अधिक अवघड आहे असे मला वाटते, कारण माझा शब्द परक्यासाठी नव्हता. तो 'आपल्या पोरा'साठी होता. कोणी मला त्या वेळी हटकले असते तर मी काय उत्तर दिले असते, तेही मला ठाऊक आहे. मराठीत त्यासाठी एक तयार वाक्य आहे: "आपला म्हणून बोललो." या वाक्याच्या आडोशाने आपल्याकडे बाप मुलाला, सासू सुनेला, मुकादम मजुराला काय वाटेल ते बोलून मोकळा होतो. परक्याला बोलताना जीभ जरा तरी अडखळते. आपल्याला बोलताना अडखळायचे कशाला? प्रेम केले, म्हणजे जणू आगाऊ भाडे भरून त्या माणसावर ताबा मिळवला.

जोसाया रॉइस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९०८ साली निष्ठेवर एक सबंध ग्रंथ लिहिला. निष्ठा हा सद्‌गुणांचा कणा आहे असे त्याचे मत. परंतु दरोडेखोरही टोळीशी निष्ठावंत असतो, मग बरी निष्ठा आणि वाईट निष्ठा यांत फरक कसा करायचा? त्याचे उत्तर साधारण असे की, जी निष्ठा दुसऱ्याच्या निष्ठेची कदर करते, तिला वाढू देते ती चांगली. जी दुसऱ्यांच्या निष्ठांचा नाश करते ती वाईट. फुटबॉलच्या गॅलरीला हे माप चपखल बसते. मोहन बागानचा खरा चाहता ईस्ट बंगालच्या चाहत्याचे दुःख जितके जाणतो तितके त्याची बायकोही जाणत नसेल. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि सोळा जण प्राणास मुकले. त्या दिवशी रॉइसचे माप सुटले होते. कोल्हापुरातही हे दिसते. तेथे संघ कंपनीचे नसून पेठांचे आणि तालमींचे आहेत: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, फुलेवाडी. शाहू स्टेडियम भरते, निष्ठा बापाकडून मुलाकडे वारशाने येते, ती कोणी विकू शकत नाही. मुंबईकराने हेवा करावा असे ते वैभव आहे. आणि तरीही प्रेक्षकांच्या हाणामारीमुळे सामने थांबवावे लागण्याची पाळी त्या शहरावर आलेली आहे.

रॉइस इतपर्यंत साथ देतो. पण तो समोरच्या बाजूकडे पाहतो आहे, आणि माझा अनुभव सांगतो की निष्ठेचे सर्वांत खोल दात समोरच्याला नव्हे, आपल्यालाच लागतात. १९९४ च्या विश्वचषकात २२ जून रोजी कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. दहा दिवसांनी, २ जुलैला, मेडेलिन या त्याच्या स्वतःच्या शहरात त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्या हत्येमागे कोणकोणती कारणे होती याविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण त्या गोलाचा उच्चार केल्यावाचून ती कोणालाही सांगता येत नाही. ११ जुलै २०२१ रोजी युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे रॅशफर्ड, सँचो आणि साका हे तीन तरुण पेनल्टी चुकले, तेव्हा त्यांच्यावर वंशद्वेषाच्या शिव्यांचा जो पाऊस पडला त्यातही त्यांच्याच पाठीराख्यांचा आवाज होता. तो पाऊस पडला मुख्यतः फोनवरून. मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला विचारले, तूही असे काही लिहितोस का? "तसलं नाही, अंकल," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "पण लिहितो. आपल्याच प्लेअरला. वाचतो थोडीच तो."

त्याच्या वडिलांचा प्रश्न अजून बाजूला राहिला आहे. क्लब विकला, बंद केला, तर चाहत्याला कोण विचारतो? मुंबईपुरते उत्तर स्पष्ट आहे: कोणी नाही. महिंद्रचा संघ १९६२ पासूनचा. २००० साली तो 'महिंद्र युनायटेड' झाला, २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला, आणि २०१० मध्ये मालकांनी तो बंद केला. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली ढकलला गेला, आणि नंतर तोही दिसेनासा झाला. २०१४ साली मुंबई सिटी एफसी आला. २०१९ साली मँचेस्टर सिटीच्या मालकांनी त्याचा पासष्ट टक्के हिस्सा विकत घेतला. त्या संघाने २०२०-२१ मध्ये लीगचे अजिंक्यपद आणि चषक दोन्ही मिळवले, आणि त्याच्यामागे गाणी म्हणत उभ्या राहणाऱ्या तरुणांचा एक उत्साही जथाही तयार झाला. परंतु या साऱ्या घडामोडींत गॅलरीचे मत कोणी मागितले नाही. इंग्लंडात विम्बल्डन क्लब दुसऱ्या गावी हलवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा २००२ साली चाहत्यांनी वर्गणी काढून स्वतःचाच नवा क्लब उभा केला आणि खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली. असे आपल्याकडे का झाले नाही? माझ्या पिढीतील माणसाला हे कोडे वाटत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप आम्ही पाहिला. मालक दार बंद करतो तेव्हा आतल्या माणसाचे सुद्धा कोणी ऐकत नाही, हे गिरणगावाने एकदा शिकून घेतल्यावर बाहेर उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्याने कोणत्या तोंडाने हक्क सांगावा? लोअर परळला 'फिनिक्स' हे गिरणीचे नाव मॉलवर अजून आहे. साचे आणि साचेवाले नाहीत. क्लबांचे नेमके उलट झाले. नावे गेली, खेळलेली माणसे शहरात कुठे कुठे उरली.

अशा उरलेल्या माणसांपैकी एक मला पुढे भेटला.

नव्वदीच्या सुरुवातीस माझे वडील परळच्या एका रुग्णालयात होते. रात्री त्यांच्याजवळ मी बसत असे. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा थोरला भाऊही रात्रीचा येई. चाळिशी उलटलेला, अंगाने भरलेला, डाव्या गुडघ्यात किंचित लंगडणारा गृहस्थ. मी त्याला ओळखले नाही. वडिलांनी ओळखले. तिसऱ्या की चौथ्या रात्री ते त्याला म्हणाले, "तू आमच्या फाटकासमोर खेळायचास. मग कूपरेजला, डाव्या बाजूला." त्या माणसाचा चेहरा उजळला तसा मी क्वचित कोणाचा उजळताना पाहिला आहे. त्यानंतर रोज रात्री त्या दोघांच्या गप्पा चालत. वडील त्याला त्याचेच जुने सामने सांगत आणि तो, स्वतः खेळलेला असूनही, पहिल्यांदाच ऐकतो आहे असे ऐके.

एका रात्री वडिलांनी सहज विचारले, "एवढा गलका असायचा, तुम्हाला खाली काही ऐकू यायचं का रे?"

"समोरच्या बाजूचं नाही, काका," तो म्हणाला. "तो नुसता आवाज असतो, पत्र्यावरच्या पावसासारखा. आपल्या बाजूचं मात्र अक्षर न् अक्षर ऐकू यायचं." मग हसून म्हणाला, "एकदा माझ्या पायाने आपल्याच जाळ्यात गोल झाला होता. पुढच्या सामन्यात आपल्याच लोकांनी इतकं म्हटलं, इतकं म्हटलं, की त्यानंतर त्या गॅलरीच्या बाजूला चेंडू बाहेर गेला तर थ्रो घ्यायला मी जात नसे. दुसऱ्याला पाठवायचो. शेवटपर्यंत."

हे मला आठवले. तो थ्रो घ्यायला येत नाही हे आम्ही गॅलरीतून पाहत होतो. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. आळशीपणावरही आमच्याकडे एक यमक होते.

वडील म्हणाले, "कोण नालायक होते ते? मी असतो तर एकेकाच्या कानाखाली वाजवली असती." मी चहा आणायच्या निमित्ताने उठलो आणि खाली रस्त्यावर जाऊन बराच वेळ उभा राहिलो. वर आलो तेव्हा तिघांसाठी चहा आणला होता. त्याने ग्लास घेतला, "थँक्यू" म्हणाला. सांगण्यासारखी ती वेळ होती, आणि मी सांगितले नाही. वडिलांच्या देखत सांगवेना, हे एक कारण. पण ते पूर्ण कारण नव्हे. त्याच्या भावाला दोन दिवसांनी घरी सोडले. माझे वडील त्याच महिन्यात गेले. तो माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि परळच्या त्या चाळीच्या जागी आता उंच इमारत आहे.

तेव्हापासून मी सामन्याला जायचे सोडले, असे लिहिले तर ते शोभून दिसेल, पण ते खरे नाही. मी जात राहिलो. ओरडलोही. टीका करू नये असेही माझे म्हणणे नाही. चुकलेल्या पासला वाहवा म्हणणे हा दुसऱ्या प्रकारचा अप्रामाणिकपणा झाला. २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईचा ५-० असा पराभव केला, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि पाहायला अडीच हजारांच्या आसपास माणसे होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने लोकांपुढे हात जोडले. त्याच्या विनंतीचा आशय असा होता की आमच्यावर टीका करा, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. केनियाविरुद्धच्या ४ जूनच्या सामन्यात, भर पावसात, ते मैदान भरून गेले. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्या विनंतीतील सौजन्य सर्वांना दिसले. मला त्यात एक अटही दिसली, त्याच्या मनात ती असो वा नसो. शिवी देणार असाल तर जेथे तुमचा चेहरा मला दिसेल तेथे येऊन द्या. कूपरेजच्या गॅलरीत मला चेहरा नव्हता. मुलाच्या फोनवर त्याला नाही.

दूरच्या क्लबावर जीव लावण्यात मला गैर काही दिसत नाही, हे मी त्या मुलाच्या वडिलांना अखेर सांगितले. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे पुष्कळ असतात. हरत्या संघाबरोबर रात्र जागवणारा मुलगा त्यांच्यापेक्षा बरा. लाभ नसताना एखाद्याच्या बाजूने उभे राहण्याचा सराव त्याला या वयात होतो आहे, तो पुढे कुठेतरी उपयोगी पडेल. ते म्हणाले, "उपयोगी पडेल तेव्हा पडेल, आधी परीक्षा आहे." यावर मला काही बोलता आले नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी त्या मुलाला परळला सेंट झेवियर्सच्या मैदानावर घेऊन गेलो. स्थानिक संघांचा सामना होता, कुणालाही फारशी ठाऊक नसलेली नावे. कडेला पन्नास-साठ माणसे, त्यांतली निम्मी खेळाडूंच्या घरची. मुलगा सुरुवातीला कंटाळला. मग, वय वर्षे एकोणीस असल्यामुळे, अर्ध्या तासात एका संघाचा झाला. त्याच्या संघाच्या एका बॅकने चेंडू सोडून दिला आणि गोल होता होता वाचला. मुलगा ओरडला. शब्द फार वाईट नव्हता, रस्त्यावर रोज ऐकू येतो तसाच. पण तेथे गर्दी नव्हती, आणि तो आवाज एकट्याचा निघाला. बॅकने मान वळवून पाहिले. कोण बोलले हे त्याला शोधावे लागले नाही. मुलगा नकळत एक पाऊल माझ्या मागे सरकला.

थोड्या वेळाने चेंडू आमच्याच बाजूने बाहेर गेला आणि घरंगळत कुंपणापाशी थांबला. तोच बॅक थ्रो घ्यायला आला, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला आणि मुलाकडे पाहून म्हणाला, "दे ना यार." मुलगा धावत गेला, चेंडू उचलला, पँटला पुसला आणि त्याच्या हातात नेऊन दिला.